बीजीव्ही (नोकरीआधीची पार्श्वभूमी पडताळणी) रिपोर्टमध्ये दुसऱ्याचा खटला माझ्या नावावर लागला. भरपाई मिळते का?

प्रश्न: मी कळव्याला राहतो, वय २७. ऐरोलीतल्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलं म्हणून जुन्या नोकरीचा राजीनामा दिला. रुजू व्हायला नऊ दिवस राहिले असताना एचआरचा फोन आला की बीजीव्हीमध्ये माझा कोर्ट रेकॉर्ड ‘रेड’ आला आहे, कल्याण कोर्टात माझ्यावर मारामारीचा खटला चालू आहे. माझ्यावर आजवर साधी एनसी (अदखलपात्र तक्रार) सुद्धा नाही. आडनाव म्हात्रे, पहिलं नावही नेहमीचंच. कुणाचा तरी खटला माझ्या नावावर लागलाय. कंपनीने ऑफर मागे घेतली, त्याला तीन महिने झाले. पडताळणी करणारी एजन्सी बंगळूरची आहे. भरपाई मागता येते का, कुठे मागायची, आणि पुढच्या मुलाखतीत काय सांगायचं?

उत्तर: भरपाई मागता येते. पण आधी कॅलेंडर बघा. बदनामीकारक लिखाणाच्या भरपाईचा दिवाणी दावा मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद ७५ प्रमाणे एका वर्षाच्या आत लावावा लागतो, आणि ते वर्ष तुम्हाला कळलं त्या दिवसापासून नाही, तर मजकूर प्रसिद्ध झाला त्या दिवसापासून मोजतात. तुमच्या बाबतीत एजन्सीने कंपनीला रिपोर्ट पाठवला तो दिवस. म्हणजे तुमच्याकडे नऊ महिन्यांपेक्षा थोडे कमीच दिवस उरलेत. ठाण्याच्या कोर्टात वीस वर्षांहून जास्त काळ वकिली करताना मी अशी माणसं पाहिली आहेत ज्यांची बाजू शंभर टक्के खरी होती, पण ती एचआरच्या ‘बघतो, कळवतो’वर विसंबून राहिली आणि चौदाव्या महिन्यात माझ्याकडे आली. त्यांना नाही म्हणताना फार वाईट वाटतं.

आता ही चूक होते कशी ते समजून घ्या, कारण तुमचा सगळा दावा त्यावरच उभा राहणार आहे. पडताळणी करणाऱ्या एजन्सीकडे पोलिसांचं रेकॉर्ड नसतं. ‘कोर्ट रेकॉर्ड चेक’ म्हणून ती जे करते ते बहुतेक वेळा ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी वेबसाइटवरच्या नोंदींमध्ये पक्षकाराच्या नावाने घेतलेला शोध असतो, नाहीतर त्याच नोंदी आधी उतरवून ठेवलेल्या स्वतःच्या डेटाबेसमधला. ई-कोर्ट्सवर खटल्याचा क्रमांक असतो, पक्षकारांची नावं असतात, कलमं असतात, पुढची तारीख असते. आरोपीची जन्मतारीख नसते. पत्ता बऱ्याचदा नसतो किंवा अर्धवट असतो. मग सॉफ्टवेअर नाव आणि आडनाव जुळवतं आणि कामाच्या घाईत असलेला कुणीतरी तो ‘पॉसिबल मॅच’ तसाच पुढे ढकलतो. ठाणे आणि रायगड जिल्ह्यात म्हात्रे, पाटील, भोईर, ठाकूर ही आडनावं गावोगावी आहेत. पहिलं नाव नेहमीचं असेल तर एकाच तालुक्यात त्याच नावाची पाच-सहा माणसं सहज सापडतात.

पण आपल्याकडे नावाचे तीन भाग असतात. मधलं नाव वडिलांचं. शाळेच्या दाखल्यावर, पॅन कार्डावर, तुम्ही एजन्सीला भरून दिलेल्या फॉर्मवर ते होतं. आणि पोलिसांच्या दोषारोपपत्रात आरोपीचं पूर्ण नाव, वय, धंदा आणि पत्ता लिहिलेला असतो. दोन्हीकडे मधलं नाव हाताशी असताना ते ताडून न पाहता एखाद्या माणसाला ‘रेड’ ठरवणं, हा निष्काळजीपणाचा पुरावा म्हणून मी कोर्टापुढे सगळ्यात आधी ठेवतो. तुमच्या वडिलांचं नाव हाच तुमचा पहिला साक्षीदार आहे.

म्हणून पहिलं काम रिपोर्ट मिळवणं. एचआरने फोनवर सांगितलेलं कोर्टात फारसं टिकत नाही. कंपनीला आणि एजन्सीला वेगवेगळी ईमेल पाठवून रिपोर्टची प्रत मागा, आणि त्यात खटल्याचा क्रमांक, कोर्टाचं नाव, कोणत्या निकषांवर नाव जुळवलं आणि रिपोर्ट कोणत्या तारखेला पाठवला हे चार प्रश्न सरळ विचारा. आजघडीला नोकरी देणाऱ्याने असा रिपोर्ट उमेदवाराला दिलाच पाहिजे असा थेट नियम आपल्याकडे नाही, त्यामुळे पहिल्या ईमेलला उत्तर आलं नाही तर खचू नका. त्यांनी प्रत नाकारली किंवा गप्प बसले, हेही पुढे तुमच्या बाजूने वाचलं जातं. ऑफर मागे घेतल्याचं ईमेल असेल तर ते जपून ठेवा. नसेल तर ‘दिनांक अमुक रोजी फोनवर मला असं सांगण्यात आलं’ असं ईमेल तुम्हीच पाठवून ठेवा. ही सगळी ईमेल पुढे पुरावा म्हणून द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यामुळे मूळ मेलबॉक्स तसाच ठेवा, नुसते स्क्रीनशॉट काढून मेल पुसू नका.

दुसरं काम कल्याणला जाणं. खटल्याचा सीएनआर क्रमांक (ई-कोर्ट्सवर प्रत्येक खटल्याला असलेला स्वतंत्र क्रमांक) मिळाला की त्या कोर्टाच्या नक्कल विभागात दोषारोपपत्राच्या सही-शिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज करा. तुम्ही त्या खटल्यात तिऱ्हाईत आहात, म्हणून अर्जासोबत नक्कल का हवी याचं कारण देणारं प्रतिज्ञापत्र जोडा; ‘या खटल्याची नोंद चुकून माझ्या नावावर दाखवली गेल्याने माझी नोकरी गेली’ हे कारण पुरेसं आहे. नक्कल हातात आली की आरोपीच्या वडिलांचं नाव, वय आणि पत्ता तुमच्या आधार, पॅन आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याशेजारी ठेवा. तिथेच वादाचा निकाल लागतो. याच्या जोडीला ठाणे पोलीस आयुक्तालयाकडे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करा. त्या प्रमाणपत्राला मर्यादा आहेत, ते देशभरच्या कोर्टांचा शोध घेत नाही, पण कल्याण ठाणे आयुक्तालयाच्याच हद्दीत येत असल्यामुळे तुमच्या बाबतीत ते नेमकं उपयोगी आहे. नवी मुंबईच्या वाचकांनी एक लक्षात ठेवावं: पोलीस आयुक्तालय एकच असलं तरी वाशी, ऐरोली, बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात आहेत. रिपोर्ट खारघरमधल्या कंपनीत गेला असेल तर दावा पनवेलला जातो, ठाण्याला नाही.

हे कागद हातात आले की एजन्सीला आणि कंपनीला लेखी हरकत पाठवा, आणि ती वकिलाच्या नोटिशीच्याही आधी पाठवा. याचं कारण निव्वळ सौजन्य नाही. बदनामीच्या दाव्यात एजन्सी पहिला बचाव घेईल तो विशेषाधिकाराचा: आम्हाला ही माहिती देण्याचं काम होतं, कंपनीला ती घेण्यात रास्त हितसंबंध होता, आम्ही सद्भावनेने दिली. हा बचाव कायद्यात खरोखर आहे आणि पुष्कळदा चालतो. तो मोडतो द्वेषबुद्धी दाखवून, आणि कायद्यातली द्वेषबुद्धी म्हणजे वैर नव्हे. खरं-खोटं याची पर्वा न करता विधान करणं त्यात येतं. दोषारोपपत्राची नक्कल हातात पडल्यावरही एजन्सीने रिपोर्ट बदलला नाही, किंवा तोच रिपोर्ट दुसऱ्या कंपनीला पाठवला, तर सद्भावना उरत नाही. म्हणून हरकतीत तीन गोष्टी मागा: दुरुस्त रिपोर्ट, तो ज्यांना ज्यांना पाठवला त्या सगळ्यांना लेखी खुलासा, आणि त्यांच्या डेटाबेसमधून तुमच्या नावाशी जोडलेली ती नोंद काढल्याची पोच. शेवटची मागणी लोक विसरतात. तीच एजन्सी उद्या तुमच्या पुढच्या कंपनीसाठीही काम करत असू शकते.

‘आम्ही कोर्टाच्या नोंदीत आहे तेच सांगितलं’ असंही उत्तर येईल. त्यावर गोंधळू नका. नोंद खरी आहे, पण ती दुसऱ्या माणसाबद्दल खरी आहे. तुमच्याबद्दल केलेलं विधान खोटंच आहे. तुम्ही पडताळणीला संमती दिली होती हेही ते दाखवतील, आणि त्या फॉर्ममध्ये ‘कोणत्याही परिणामाला कंपनी जबाबदार राहणार नाही’ अशी ओळ असेल. तुम्ही संमती दिली ती तुमची पडताळणी करायला. दुसऱ्याचा गुन्हा तुमच्या नावावर लावायला कुणी संमती देत नाही.

दावा दोन पायांवर उभा करा, बदनामी आणि निष्काळजीपणा. निष्काळजीपणाच्या दाव्याला अनुच्छेद ११३ ची तीन वर्षांची मुदत लागू होते, त्यामुळे बदनामीचं वर्ष उलटून गेलेल्यांसाठी तो एक मार्ग उरतो. अवघड, पण उरतो. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९४ मध्ये ‘स्प्रिंग विरुद्ध गार्डियन अ‍ॅश्युरन्स’ या खटल्यात ठरवलं की माजी कर्मचाऱ्याबद्दल निष्काळजीपणे चुकीचं शिफारसपत्र देणारा मालक नुकसानीला जबाबदार आहे. तो निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही, पण मन वळवायला उपयोगी पडतो, आणि तुमची वस्तुस्थिती त्याच्या जवळ जाणारी आहे.

बंगळूरला जाऊन दावा लावण्याची गरज नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १९ सांगतं की अपकृत्य (भरपाई मागता येईल असं चुकीचं कृत्य) एका कोर्टाच्या हद्दीत घडलं आणि प्रतिवादी दुसऱ्या हद्दीत असेल, तर कुठे जायचं हे वादी ठरवतो. त्या कलमाखालचं उदाहरणच बदनामीचं आहे: दिल्लीत राहणाऱ्याने कलकत्त्यात बदनामीकारक मजकूर प्रसिद्ध केला, तर दावा दोन्हींपैकी कुठेही लावता येतो. तुमचा रिपोर्ट ऐरोलीत वाचला गेला, म्हणून दावा ठाणे जिल्ह्यातच लागतो.

ग्राहक आयोगात जा असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. मी देणार नाही. एजन्सीला पैसे कंपनीने दिले, सेवा कंपनीने घेतली. तुम्ही ‘ग्राहक’ आहात हेच आधी सिद्ध करावं लागेल आणि त्यात वर्षातले मोलाचे महिने जातील. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली फौजदारी बदनामीची तक्रारही करता येते, दोन वर्षांपर्यंतच्या साध्या कैदेची तरतूद आहे, पण तिथून तुमचा बुडालेला पगार परत येत नाही आणि सद्भावनेचा अपवाद एजन्सीच्या कामी येतो.

डेटा संरक्षण कायद्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण त्यावर लोकांच्या मोठ्या आशा आहेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ८ मध्ये स्पष्ट लिहिलंय की ज्या माहितीवरून माणसाबद्दल निर्णय घेतला जाणार आहे ती पूर्ण, अचूक आणि सुसंगत असल्याची खात्री माहिती हाताळणाऱ्याने करायची आहे. कलम १२ दुरुस्तीचा हक्क देतं. तुमच्या प्रकरणाला हे शब्द अगदी मापाने शिवल्यासारखे बसतात. पण त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि नागरिकांच्या हक्कांच्या मुख्य तरतुदींना त्यानंतर १८ महिन्यांची मुदत दिली आहे. दुसरी अडचण मोठी आहे. डेटा संरक्षण मंडळ अशा चुकीसाठी ५० कोटींपर्यंत दंड लावू शकतं, पण तो सगळा पैसा भारताच्या संचित निधीत जमा होतो. ज्याची नोकरी गेली त्याला एक रुपयाही देण्याची सोय त्या कायद्यात नाही. ही उणीव मला मनापासून सलते. वर कलम ३९ म्हणतं की मंडळाच्या अखत्यारीतल्या बाबींवर दिवाणी कोर्टाला अधिकार नाही. म्हणून तुमच्या वकिलांना सांगा की दाव्याचा पाया या कायद्यावर ठेवू नका. पाया बदनामी आणि निष्काळजीपणाचाच ठेवा. कलम ८ चा उल्लेख करायचाच तर काळजीची पातळी काय असायला हवी होती हे दाखवण्यापुरता करा.

अमेरिकेत अशा चुकीसाठी मोठ्या रकमा मिळतात असं ऐकलेले लोक माझ्याकडे येतात. तिथे १९७० पासून फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्ट आहे. रिपोर्टच्या आधारे नोकरी नाकारण्यापूर्वी उमेदवाराला त्याची प्रत द्यावी लागते, हरकत घेतली की एजन्सीला साधारण ३० दिवसांत फेरतपासणी करावी लागते, आणि जाणूनबुजून नियम मोडल्यास प्रत्यक्ष नुकसान सिद्ध न करताही १०० ते १,००० डॉलर मिळू शकतात. ट्रान्सयुनियन या क्रेडिट रिपोर्ट देणाऱ्या कंपनीविरुद्धच्या खटल्यात नुसतं नाव आणि आडनाव जुळवून ८,१८५ जणांना अमेरिकी सरकारच्या दहशतवादी आणि अमली पदार्थांच्या तस्करांच्या यादीशी जोडलं गेलं होतं. तरीही २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती माहिती प्रत्यक्ष तिसऱ्या कुणाकडे गेली अशा १,८५३ जणांनाच भरपाईसाठी पात्र मानलं. तुमची कंपनी अमेरिकन असली तरी ऐरोलीतल्या नोकरीसाठी इथल्या एजन्सीने काढलेल्या रिपोर्टवर तो कायदा घेऊन ठाण्यात दावा लागत नाही. मात्र त्या खटल्यातला मुद्दा उचलण्याजोगा आहे: रिपोर्ट दुसऱ्याच्या हाती गेला, इथे इजा झाली. तुमचा तर गेलाच आहे.

रक्कम किती मागायची? एक कोटी लिहू नका. कोर्ट फी दाव्याच्या रकमेवर भरावी लागते आणि फुगवलेला आकडा न्यायाधीशांच्या मनात पहिल्याच दिवशी शंका निर्माण करतो. कागदावर दाखवता येईल तेवढं नुकसान आधी मोजा: ऑफरमधला पगार, बेकारीचे महिने, नंतर कमी पगारावर नोकरी धरली असेल तर फरक, जुन्या कंपनीला नोटीस पिरियडपोटी भरलेले पैसे. त्यावर मनस्ताप आणि प्रतिष्ठेसाठी वाजवी रक्कम. ‘ऑफरवर विश्वास ठेवून नोकरी सोडली, मग घरी बसून राहिलो’ असं चित्र उभं राहू देऊ नका. नुकसान कमी करण्याचा प्रयत्न तुम्ही केला पाहिजे अशी कोर्टाची अपेक्षा असते. म्हणून या तीन महिन्यांत कुठे-कुठे अर्ज केले, त्या प्रत्येकाची नोंद ठेवा.

दावा चालायला वर्षं लागतात हे लपवणार नाही. त्यामुळे माझा अनुभव असा की खरी बोलणी वकिलाच्या नोटिशीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत होतात. नकलेसह गेलेली, रक्कम नेमकी मांडलेली नोटीस एजन्सीच्या कायदा विभागाने वाचली की तडजोडीची भाषा सुरू होण्याची शक्यता असते. कंपनीकडून पैशांपेक्षा ऑफर परत जिवंत करण्याची मागणी करा. त्यांना माणूस हवाच होता. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

स्त्रियांचा विषय निघाला म्हणून एक प्रकरण सांगतो. वाशीच्या एका नर्सचा रिपोर्ट ‘क्रिमिनल केस’ म्हणून अडवला होता. नोंद खरंच तिचीच होती. पण ती कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिने स्वतः केलेल्या अर्जाची! असे अर्ज आणि पोटगीचे अर्ज दंडाधिकाऱ्यांपुढे चालतात, त्यांना फौजदारी किरकोळ अर्जाचा क्रमांक पडतो, आणि नाव शोधणाऱ्याने ती अर्जदार आहे की आरोपी हे बघितलंच नाही. मार खाणाऱ्या बाईलाच गुन्हेगार ठरवलं होतं. अर्जाची नक्कल आणि दोन पानी पत्र एवढ्यावर तिची नोकरी वाचली, कारण ती चौथ्या दिवशी आली होती. तसंच चॅप्टर केसचं. शांतता राखण्यासाठी घेतलेला बॉण्ड म्हणजे गुन्ह्याची शिक्षा नव्हे, पण रिपोर्टमध्ये दोन्ही एकाच रांगेत बसतात. नोंद तुमचीच असेल आणि निर्दोष मुक्तता झाली असेल, किंवा पोलिसांनी बी समरी (तक्रार खोटी असल्याचा अहवाल) दिली असेल, तर त्या हुकमाची सही-शिक्क्याची नक्कल घरात असायलाच हवी. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निर्दोष सुटलेल्या एका व्यक्तीच्या अर्जावर त्याचा निकाल सर्च इंजिनमध्ये दिसू नये असा अंतरिम आदेश दिला होता, कारण त्याला नोकरी मिळत नव्हती. तसा अर्ज मुंबई उच्च न्यायालयातही करता येतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. पुढच्या फॉर्मवर ‘तुमच्यावर कोणताही खटला प्रलंबित आहे का’ असं विचारलं तर ‘नाही’ लिहा, कारण तेच खरं आहे. पण एजन्सीचा शोध सुरू होण्याआधीच एचआरला एक छोटं पत्र द्या: कल्याण कोर्टातल्या अमुक क्रमांकाच्या खटल्यात माझ्यासारखंच नाव असलेला आरोपी आहे, त्याच्या वडिलांचं नाव आणि वय वेगळं आहे, सोबत दोषारोपपत्राची नक्कल आणि माझं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. आणि यापुढे प्रत्येक अर्जावर नाव तीन भागांत, पूर्ण लिहा. वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर नको.